व्हिलनचे वडील

गोविंदरावांचे किस्से मी मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड साठतात, तसे ते साठत गेले. माझी बदली चेन्नईला झाली, गिंडीच्या एका सरकारी ऑफिसात, आणि शेजारच्या टेबलावर हे गृहस्थ. तंजावरी मराठी, 'सगळे'ला 'अस्के' म्हणणारे. स्वभाव इतका मऊ, की शिपायालाही "जरा येता का?" म्हणायचे. आणि हा माणूस तमिळ सिनेमात व्हिलनचा बाप व्हायचा!

इंटरव्हलनंतर रंग उडालेल्या फ्लॅशबॅकमध्ये व्हिलनचं बालपण दाखवतात ना? बाप दारू पितो, आईला वेड लागतं, पोर उपाशी कोपऱ्यात बसतं आणि पाच मिनिटांत मोठं होऊन कोयता उचलतं. त्यातला बाप म्हणजे आमचे गोविंदराव. तीन वर्षांत सहा व्हिलन वाढवले! घरी मात्र एकच मुलगी, वैदेही. ती लग्नाची झाली होती आणि त्यांच्या जिवाला खरा घोर तिचाच होता.

* * *

पहिला रोल त्यांना दाढदुखीनं मिळवून दिला. ऑफिसच्या आवारात शूटिंग होतं आणि ठरलेला नट आलाच नाही. गोविंदराव सुजलेला गाल धरून व्हरांड्यात उभे. डायरेक्टर ओरडला, "हाच! ह्या चेहऱ्याच्या घरात पोर बिघडणारच!"

दुसऱ्या सिनेमाच्या वेळी दाढ काढून झाली होती. नवा डायरेक्टर हळहळला, "सार, तो राग कुठे गेला?" तेव्हापासून ते गालात अख्खी सुपारी धरून अभिनय करायचे.

* * *

सरकारी नोकर म्हटल्यावर परवानगी आली. आणि हा अर्जातसुद्धा खरं लिहिणारा माणूस! 'दारू पिऊन पत्नीस व मुलास मारहाण करण्यासाठी एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी.'

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि शेरा मारला, 'मंजूर. सदर कृत्याच्या वेळी ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात नसावं.'

* * *

मग तो भाताचा सीन. बाप येतो, पोराच्या ताटाला लाथ मारतो. गोविंदरावांनी लाथ मारली, भात उडाला, आणि दुसऱ्या क्षणी ते वाकले, ताटाला बोटं लावली आणि डोळ्यांना लावली. अन्नाला पाय लागला की आपण करतोच ना, तसं!

"कट!"

सात टेक झाले. सात लाथा आणि सात नमस्कार. "काय करू सार, हात ऐकत नाही," गोविंदराव रडकुंडीला आले. डायरेक्टर डोकं धरून बसला. शेवटी असिस्टंटला सुचलं, "सार, बाप मेंटल आहे असं करू या!"

झालं! मागे हॉस्पिटलची पाटी लागली, एक डायलॉग वाढला. पेपरात परीक्षण आलं, 'मनोरुग्णाचं इतकं सूक्ष्म लक्षण पडद्यावर प्रथमच.' गोविंदरावांनी कात्रण कापलं आणि लगेच कपाटात लपवलं. "स्थळं पण पेपर वाचतात हो," ते म्हणाले.

* * *

आमच्या शनिवारच्या कॉफीला सुलभाताई यायच्या. त्या मनोरुग्णांच्या वॉर्डात सिस्टर. एकदा तणतणतच आल्या. "गोविंदराव, काल वॉर्डातल्या टीव्हीवर तुमचा सिनेमा लागला. माझा एक पेशंट विचारतो, 'सिस्टर, लहानपणी मलाही कुणी जेवायला वाढलं नाही. मग मी खून कधी करायचा?'"

आम्ही हसलो. मग हसू येईना.

"तुम्ही काय सांगितलंत?" गोविंदरावांनी विचारलं.

"म्हटलं, आधी इडली खा. थंड होतेय."

गोविंदराव फार कष्टी झाले. दुसऱ्याच दिवशी चिंचेच्या भाताचा मोठा डबा घेऊन वॉर्डात गेले. त्या पेशंटनं त्यांना ओळखलं, भात वाढून घेतला आणि म्हणाला, "आता आणून काय उपयोग? पोरगा तर शेवटी मेला!"

* * *

वैदेहीची दोन स्थळं फिसकटली. एकांनी तर स्पष्ट कळवलं, 'पत्रिका जुळते, वडील जुळत नाहीत.' तिसरं स्थळ आलं तेव्हा गोविंदरावांनी मिशी उतरवली आणि सिनेमाचा 'सि' काढायचा नाही, अशी आम्हा अस्क्यांना ताकीद दिली.

मुलगा सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये, पण शब्द त्याच्या आत्याचा. पाहण्याच्या दिवशी रिवाजाप्रमाणे शिरा आणि भजी झाली. मुलगा-मुलगी मोकळेपणानं बोलत होते. आत्या मात्र गोविंदरावांकडे टक लावून. ते घाबरून कॉफी आणायला उठले आणि पाय लागला खाली ठेवलेल्या भज्यांच्या ताटलीला.

वाकले. बोटं ताटलीला, बोटं डोळ्यांना.

"अय्यो!" आत्या किंचाळल्या. "हाच की तो! टीव्हीतला!"

गोविंदरावांनी हात जोडले. "होय. मीच तो."

आत्या भाच्याकडे वळल्या. "मी अस्क्यांना सांगत नव्हते? एवढा प्यालेला, डोकं फिरलेलं, तरी अन्नाला पाय लागला तर नमस्कार केला! मुलगी अशाच घरची हवी."

मग त्यांनी गोविंदरावांना जवळ बसवलं, त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरगा तसा निघाला, त्याला तुम्ही काय करणार?"