ताईच्या हातांचा वेग

माह्या ताईले जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या घरात हातांची एक भाषा हाय, ती तिनंच बनवली, आई अन् मी शिकलो. ताई नोकरीसाठी अमरावतीले गेली, आमी दोघी अकोल्यातच. मंग बोलणं व्हिडिओवर आलं, मीच बनवलेल्या प्रोग्रामवर!

पण तिचा कम्प्युटर जुना. तिचे हात इतके भरभर चालतात का चित्र मधातच अडकायचं अन् अर्धा शब्द गायब. आई म्हणे, "पोरगी तोतरी बोलून राहिली."

एका शनिवारी ताईचा मेसेज आला. "एक पोरगा हाय. आईले सांगायचं हाय. टाइप करून नाही, हातानं. तुह्या प्रोग्रामचं काई तरी कर बे."

मी खुर्चीतून उडालीच! लिहिलं, "कोण? कुठचा? अन् घरी येऊन सांग ना!"

"मी समोर आली का आई आधी ताट वाढते, मंग मले रडू येते, अन् राहूनच जाते. उद्या सकाळी कॉल कर."

मी लागली कामाले. व्हिडिओतलं एकेक चित्र म्हणजे मेमरीतला बाइटांचा ढीग. तो इकडून उचलायचा, तिकडं ठेवायचा, दर चित्राले. माहा कोड मुंगीसारखा एकेक दाणा नेत होता. नव्या प्रोसेसरले बत्तीस बाइट एका घासात उचलता येतात. कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या एका कंपायलरनं ते आपोआप केलं, दुसऱ्याले हातानं लिहून द्या लागलं. पण माह्या लॅपटॉपवर काय पळालं ते! मी एकटीच टाळ्या वाजवून राहिली होती.

सकाळी ताईले पाठवलं. आई केस विंचरून पडद्यासमोर बसलेली, कारण माह्या पोटात गोष्ट राहत नाही, मी तिले एवढं सांगून बसली होती का ताईले काई बोलायचं हाय.

ताईचा मेसेज: "काय पाठवलं बे? डोळे उघडायच्या आधीच मेलं."

मी कोड परत उघडला. मंग दिसलं. कंपायलरले मी सांगितलं होतं, या मशीनमधे जे जे हाय ते सगळं वापर. पण मशीन माही! बत्तीसचा घास तिच्या जुन्या प्रोसेसरले माहीतच नाही.

"काहून नाही लागत?" आई.

"लागते, लागते. थांब!"

आता प्रोग्राम सुरू झाला का आधी प्रोसेसरले विचारते, तुले काय जमते? बत्तीस जमत असन त बत्तीस, नाही त सोळा. अन् प्रत्येक चित्र मी उगाच दोनदा उचलून राहिली होती, त्यातलं एक उचलणं काढलं. परत पाठवलं.

लागला कॉल. ताईचे हात पाण्यासारखे चालून राहिले होते, एक बोट तुटलं नाही. ती बोलली, थांबली, परत बोलली. मंग तिनं गालावर दोन बोटं टेकवून हलकेच वर नेली. त्या पोराचं नाव. हातानं नाव आमी फक्त घरच्या माणसाचं ठेवतो.

ताईचे हात मांडीवर जाऊन पडले.

मंग आईनं आपली बोटं गालाले लावली. जरा खाली लागली. ताईनं मान हलवली, डोळे पुसले, सावकाश परत करून दाखवलं. आईनं परत केलं.

मी मधात एक शब्द बोलली नाही. मी!