परीक्षेचे शिंगाडे

सत्तरचं दशक सरत असताना, हिवाळ्यातल्या एका एकादशीला, माझ्या आईने बहिणीच्या परीक्षेचे शिंगाडे उकडले.

मोठी बहीण भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. उन्हाळी परीक्षेत तिला झाडांची लॅटिन नावं सांगता आली, अर्थ सांगता आले नाहीत. हिवाळी परीक्षेत पुन्हा नापास झाली तर कॉलेज बंद, असं बाबांनी सांगितलं होतं.

अड्याळजवळच्या आमच्या गावात लॅटिन येणारं कोणी नव्हतं. तिने ग्रंथालयातून एक जुनं व्याकरण आणलं. त्यात धातुसाधित विशेषणांसाठी 'शिजवणे' हे क्रियापद घेतलं होतं. संध्याकाळी चुलीचा धूर ओसरीत उतरायचा आणि ती हळू आवाजात म्हणायची: कोक्वेन्स, शिजवणारी. कोक्ता, शिजवलेली. कोक्तुरा, शिजवणार असलेली.

"कोनाले बोलावून राहिली वं?" धुरातून आई विचारायची.

"तुलेच. तू कोक्वेन्स."

"मायले शिव्या नोको देऊ."

दुपारी मी तिच्याबरोबर तलावावर जात असे. पाणी हलत नसे. शिंगाड्याच्या पानांची चक्रं त्यावर निजल्यासारखी पसरलेली. ट्रापा नातान्स: तरंगणारी. बोरीवरची अमरवेल, कुस्कुटा रिफ्लेक्सा: मागे वळलेली. नाव उच्चारलं की वेल खरोखर वळताना दिसे. नावात भविष्यकाळाचं रूप ल्यालेलं झाड मात्र तिला त्या काठावर सापडलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने परीक्षेत दाखवायला शिंगाड्याची वेल फळांसकट घमेल्यात पाण्यात ठेवली. बहीण बाहेरून परत आली तेव्हा घमेल्यात पानंच होती.

"माय, ते परीक्षेचे होते!"

"मंग उपासाच्या दिवशी घरात कायले आणले?"

दुसऱ्या दिवशी ती तीच वेल घेऊन एसटीने भंडाऱ्याला गेली. पुढचं तिने घरी सांगितलं ते असं. बाहेरगावच्या परीक्षकांनी नावाचा अर्थ विचारला. तिने तो सांगितला, फुगीर देठ कापून आतली हवेची पोकळी दाखवली.

"फळं कुठं आहेत?"

"आईने उकडली, सर. एकादशी होती."

"म्हणजे आता नातान्स नाहीत."

"नाही, सर. कोक्ता."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "उरलीत का?"

"संपली, सर."

निकालात ती उत्तीर्ण होती. त्या संध्याकाळी आईने शिंगाडे उकडले. एकादशी नव्हती.