सात नंबरची चिठ्ठी

प्रात्यक्षिक परीक्षा चार दिवसांवर आली की लोलककाकांच्या अंगात यायचं. एरवी माणूस गाईसारखा गरीब. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सत्तावीस वर्षं सहायक होते. चालताना डावीउजवीकडे झोके घेत, म्हणून कुठल्याशा वर्गाने त्यांना 'लोलक' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की हजेरीपुस्तकातलं खरं नाव कुणी पुकारलं तर कुणाला हाक मारली म्हणून काका स्वतःच मागे वळून बघत.

त्या चार दिवसांत ते कुणाचं ऐकत नसत. लोलकांचे दोरे बदलायचे, कारण जुना दोरा ताणला जाऊन लांबतो. भिंगं मऊ फडक्याने पुसायची, तारांची टोकं सँडपेपरने घासायची. आणि सगळ्यांत शेवटी, खोलीला आतून कडी लावून, व्हर्नियर कॅलिपरच्या चिठ्ठ्या.

कॅलिपर म्हणजे धातूच्या गोळीचा व्यास मोजायची जबड्याची पट्टी. जबडा मिटला की तिच्या स्थिर आणि सरकत्या पट्टीवरची शून्यं समोरासमोर यायला हवीत. जुन्या उपकरणात ती येत नाहीत. सरकत्या पट्टीचं शून्य उजवीकडे गेलं तर चूक अधिक, डावीकडे राहिलं तर उणे, आणि आलेल्या मापातून ही चूक वजा करायची. उणे चूक वजा केली की बेरीज होते, एवढाच काय तो घोळ. परीक्षेत मुलांचा वेळ जाऊ नये म्हणून काका स्वतः ती चूक बघत, चिठ्ठीवर लिहीत आणि दोऱ्याने कॅलिपरला बांधत. युक्ती त्यांचीच होती. बाहेरून येणारे परीक्षक तिचं कौतुक करायचे, आणि ते कौतुक काकांना खाली मान घालून ऐकावं लागायचं.

प्रयोगशाळेत टेबलं बारा, पण परीक्षेला मांडायची अकराच. खिडकीजवळचं सात नंबरचं टेबल रिकामं. कुणी विचारलं की काका म्हणत, "पाय हलतो त्याचा." मुलं म्हणत, सातवर भूत आहे. काकांनी ती अफवा उठवली नव्हती, पण खोडूनही काढली नव्हती. कारण कडी लावून चिठ्ठ्या लिहायला बसलं की त्यांना सात नंबरवरून कागदावर पेन चालल्याचा आवाज यायचा. हळू, न थांबता. ते वर बघत नसत. काकांना भीती वाटायची, अगदी लहान मुलाला वाटते तशी.

पेनवाली. एकोणीस वर्षांपूर्वीची. बाकीची मुलं मापं पेन्सिलने लिहीत, आधीच्या तुकडीकडून उत्तर काढून आणत आणि मग खाडाखोड करून मापं उत्तराला जुळवत. ही मुलगी थेट पेनने लिहायची. दिसलं ते लिहिलं, विषय संपला.

परीक्षेच्या दिवशी ती सात नंबरवर होती. मध्येच तिने हात वर केला. "काका, मला शून्य उजवीकडे गेलेलं दिसतंय. चिठ्ठीवर उणे लिहिलंय."

काकांच्या हातात तेव्हा तीन टेबलांची कामं होती. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "चिठ्ठीवर आहे तेच धर. आणि डोळे तपासून घे जरा," ते म्हणाले. आजूबाजूची मुलं हसली. तिने चिठ्ठीवरचं धरलं.

सगळ्यांच्या गोळीचा व्यास आला एक पूर्णांक नव्वद सेंटिमीटर. तिचा आला एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव. हिने मापं मनाने ठोकली असं म्हणून परीक्षकांनी पानावर काट मारली. ती प्रात्यक्षिकात नापास झाली, वर्ष गेलं, आणि ती पुन्हा शाळेत आली नाही.

दुपारी आवराआवर करताना काकांनी सातचा जबडा मिटला. शून्य उजवीकडे होतं. चिन्ह त्यांनीच उलटं लिहिलं होतं. परीक्षक तोवर शेजारच्या खोलीत चहा पीत बसले होते, जेमतेम वीस पावलांवर. काकांची नोकरी तेव्हा कच्ची होती, पुढच्या महिन्यात पक्की व्हायची होती. ते वीस पावलं चालले नाहीत. कॅलिपर चिठ्ठीसकट कपाटाच्या तळाशी गेला, आणि नोकरी पक्की झाली.

यंदा फिजिक्सच्या मॅडम नवीन आल्या. वयाने लहान, बोलायला फटकळ. मुलंही जास्त होती. "काका, बारा टेबलं लागतील."

"सातचा पाय हलतो, मॅडम."

मॅडमनी वाकून टेबल जोरात हलवून पाहिलं. टेबल जागचं हललं नाही. "याचा पाय तुमच्या-माझ्यापेक्षा घट्ट आहे," असं म्हणून त्या बारावा कॅलिपर शोधायला स्वतःच कपाटात शिरल्या. काका 'राहू द्या, राहू द्या' म्हणेपर्यंत त्यांनी तळातलं खोकं उघडलंदेखील. चिठ्ठी पिवळी पडली होती, दोरा मात्र शाबूत होता. मॅडमनी जबडा मिटला, उजेडाकडे धरला आणि कपाळाला हात लावला.

"चिन्ह उलटं आहे! कुणाचा हा गाढवपणा?"

"माझा," काका म्हणाले.

"जाऊ द्या. परीक्षेआधी सापडला ते बरं झालं."

"आधी नाही सापडला, मॅडम," काका म्हणाले, आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. मॅडमनी कॅलिपर काकांच्या हातात ठेवला. "मला सांगून काय उपयोग? ती आहे कुठे?"

ती कुठे आहे हे काकांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. दोन गल्ल्या सोडून तिचं शिलाईचं दुकान होतं. शाळेचे गणवेश तीच शिवायची. रोज जाता-येता काका समोरच्या फुटपाथने जायचे, मान दुसरीकडे वळवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानाची पायरी चढले. ती कापडावर वाकली होती, गळ्यात टेप. तिने एक बाही मोजली, खडूने खूण केली, पुन्हा मोजली, मग तिसऱ्यांदा मोजली. तेव्हा कुठे तिने वर पाहिलं.

"काका? तुम्ही इकडे कसे?"

काकांनी घरून वाक्यं घोकून आणली होती. ऐन वेळी एकही आठवेना. त्यांनी कॅलिपर टेबलावर ठेवला. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग हात पुसून तिने तो उचलला, जबडा मिटला, दाराच्या उजेडात डोळ्यांसमोर धरला. मग चिठ्ठी वाचली.

"उजवीकडेच आहे," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "म्हणजे मला बरोबर दिसत होतं."

"हो."

"बाबांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, नजर चोख आहे. मग मला वाटलं, माझ्या डोक्यातच काहीतरी उलटं बसलंय." तिने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेव्हापासून सगळं तीनतीनदा मोजते मी. गिऱ्हाइकं हसतात."

"माझी चूक झाली, बाळा."

"चूक काय, कुणाचीही होते." तिने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "तुम्हाला कधी कळलं?"

काका खोटं बोलू शकले असते. काल म्हणाले असते तरी खपलं असतं. मॅडम काही सांगायला येणार नव्हत्या.

"त्याच दुपारी," ते म्हणाले. "परीक्षक अजून शाळेतच होते."

कात्रीने दोरा कापून तिने चिठ्ठी काढून घेतली आणि कॅलिपर त्यांच्याकडे सरकवला. "हा न्या. परीक्षा आहे ना तुमची."

काका पायरीवर थांबून राहिले. ती दोन शब्द बोलेल, रागावेल, निदान शिवी तरी घालेल, म्हणून. तिने दुसरी बाही पुढ्यात ओढली. टेप लावला, खूण केली. हात पुन्हा टेपकडे गेला, वरच्यावर थांबला आणि मागे आला.

तिने कात्री उचलली आणि एकदाच मोजलेलं कापड सरळ कापत नेलं.