अर्ज करून मिळालेला मेव्हणा

माझ्या बायकोला सख्खा भाऊ नाही. जो आहे, तो मी नगरपालिकेत अर्ज करून मिळवून दिला.

ऐंशीच्या आगेमागेची गोष्ट. आमचं नाशकातलं घर म्हणजे पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची एक. त्या मागच्या खोलीत आनंदा राहायचा. मूळ कळवणकडचा, अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारा, सडाफटिंग. दर एक तारखेला पस्तीस रुपये भाडं माझ्या हातावर ठेवायचा आणि महिनाभर पुन्हा दिसायचा नाही. असा भाडेकरू मिळायला पुण्याई लागते!

अशात घरपट्टी वाढल्याची नोटीस आली. वाढ वर्षाला चोवीस रुपयांची. कारण : 'मागील खोली भाड्याने.'

"बरोबरच आहे की," सुमन म्हणाली. (सुमन म्हणजे बायको.) "दिलीये ना आपण भाड्यानं?"

"म्हणून काय त्यांनी लिहायचं?"

यावर तिनं भाजी निवडायला घेतली. मला मात्र चैन पडेना. माझा स्वभावच तसा. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं ते सुचत नाही. हरकतीचा अर्ज मी सात वेळा लिहिला. पहिल्यात विनंती होती, चौथ्यात इशारा होता, सातव्यात घटनेचा उल्लेख होता. सुमननं सातही वाचले आणि पहिलाच पाकिटात घातला.

सुनावणीच्या दिवशी दहाची वेळ होती. मी साडेआठला जाऊन बसलो. साडेअकरापर्यंत व्हरांड्याला एवढ्या फेऱ्या घातल्या, की शिपाई म्हणाला, "साहेब, नवस बोललायत का?" शेवटी एकदाचं आत बोलावलं. चांगला तासभर घोकलेलं भाषण ओठांवर होतं. साहेबांनी मान वर न करता एकच प्रश्न विचारला :

"मागच्या खोलीत कोण राहतं?"

भाषणात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं!

"मेव्हणा!" मी म्हणालो.

कसं म्हणालो, ते आजवर मला कळलेलं नाही. साहेबांनी मात्र शांतपणे लिहून घेतलं. "ठीक आहे. गुरुवारी इन्स्पेक्टर येऊन पाहून जातील."

घरी येऊन सांगितलं, तेव्हा सुमन पोळ्या लाटत होती. लाटणं हातातच होतं, म्हणून मी दारातून बोललो.

"एकुलती एक मुलगी म्हणून आईबाबांनी मला वाढवली," ती म्हणाली, "आणि तुम्ही चोवीस रुपयांसाठी मला भाऊ आणलात?"

मागे आनंदाकडे गेलो. तो घाबरेल असं वाटलं होतं. उलट त्याचा चेहरा उजळला. "लय भारी, साहेब! काय बी काळजी करू नका. गुरुवारी सुट्टीच टाकतो." मी निघालो, तेव्हा मागून हाक मारून म्हणाला, "दाजी, जरा साखर द्या ना वाटीभर."

सराव बुधवारीच सुरू झाला होता!

गुरुवारी इन्स्पेक्टर आले. पन्नाशीचे, किडकिडीत, बगलेत फाइल. आनंदा नवा शर्ट घालून पुढच्या खोलीत माझ्याच खुर्चीवर बसला होता. मी उभा. (खुर्च्या दोनच होत्या, दुसरी इन्स्पेक्टरांना दिली.)

"ताई, चहा टाक गं," आनंदानं आत आवाज दिला. "आणि दाजींना साखर कमी. किती सांगितलं तरी ऐकत नाय हा माणूस!"

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. भाऊ-बहिणीचं प्रेम आहे, अशा अर्थानं मी हसलो.

सुमन चहा घेऊन आली. इन्स्पेक्टरांनी सहज विचारलं, "माहेर कुठलं, वहिनी?"

"इगतपुरी," सुमन म्हणाली.

"कळवण," त्याच क्षणी आनंदा म्हणाला.

इन्स्पेक्टर एकदम खुर्चीत पुढे सरकले. "कळवण? अरे, मीही तिकडचाच! कोना पोऱ्या शे रे तू?" (कुणाचा मुलगा तू, असं ते अहिराणीत विचारत होते.)

"शिवराम तात्याना," आनंदा आनंदानं म्हणाला.

"तात्यांचा? मग ही बहीण कुठली? तात्यांना तर तिन्ही मुलगेच!"

मी खिडकीकडे गेलो, खिडकीकडून दाराकडे गेलो. पळून जायचं तर घर माझंच होतं! शेवटी सुमनलाच माझी दया आली.

"मानलेला भाऊ आहे," ती म्हणाली. "भाऊबीजेला ओवाळते मी त्याला."

(ओवाळणं सोडा, तोवर तिनं त्याला चहाही विचारला नव्हता!)

इन्स्पेक्टरांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग चहा संपवला आणि फाइलमधून कोरा कागद काढला. "छान. मग तसा जबाब द्या. लिही रे : मी या खोलीत बहिणीकडे राहतो, भाडे देत नाही व पुढेही देणार नाही."

आनंदानं सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली सही केली.

"आणि साक्षीदार म्हणून," इन्स्पेक्टर माझ्यापुढे पेन धरत म्हणाले, "घरमालक."

मी केली सही. घाईघाईत केली, तारखेसकट.

घरपट्टी कमी झाली. मी गल्लीत पेढे वाटले. एक तारखेला आनंदाची वाट पाहत ओट्यावर बसलो. तो आला, हातात केळ्यांची फणी. "ताईला द्या."

"आणि... ते?" मी विचारलं.

"ते कसं देऊ, दाजी? सरकारी कागदावर सही हाय माझी. साक्षीदार तुम्हीच!"

सुमनकडे दाद मागायला गेलो, तर ती केळी सोलत होती. "खरंच आहे. भावाकडून कुणी भाडं घेतं का?"

त्या दिवाळीत तिनं त्याला खरंच ओवाळलं. त्यानं पगारातून घेतलेली साडी उघडली, आणि ही बाई पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. आजवर मी आणलेल्या एकाही साडीवर ती अशी रडली नाही. (एकीवर रडली होती, पण ते रंगामुळे.) पुढे आमच्यात काही वाजलं, की निवाडा आनंदा करायचा, आणि तो कुणाच्या बाजूनं लागायचा हे सांगायला नको. सात वर्षं राहिला तो. त्याच्या लग्नाला आम्ही कळवणला गेलो, करवली म्हणून सुमन मिरवली, आणि बॅगा मी उचलल्या.

वर्षाचे चोवीस रुपये वाचवायला मी वर्षाचे चारशेवीस घालवले. हे लोकांना सांगितलं, की ते हसतात आणि विचारतात, "तुम्ही तेव्हा कामाला कुठं होता हो?"

कारखान्यात. कुठलं काम परवडतं आणि कुठलं परवडत नाही, हे मालकांना सांगण्याचा मला पगार मिळत असे!