भिऊन काम करणारे जंगम सर

जंगम सरांची साठी होतेय, त्यांच्यावर चार शब्द लिहा, असं गौरव समितीने सांगितलं. मी चौथी पास. या अंकात लिहिणारे बाकीचे सरांचे विद्यार्थी, इंजिनियर झालेले. पण मला जे ठाऊक आहे ते त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

सरांची ओळख झाली तेव्हा आमच्या घरात धास्ती होती. कारखाना बंद पडून मुलगा घरी बसलेला. कात्रजचं आमचं बिऱ्हाड चालायचं ते सून शुभांगीच्या कामावर. ती घरच्या कॉम्प्युटरवर बिल्डरांसाठी चित्रं करायची. मांजरी गावात आज ऊस आहे तिथे उद्या इमारत कशी दिसेल, तसली. एका मोठ्या बिल्डरने सोमवारपर्यंत सहा चित्रं मागितली होती. जमलं तर कायमचं काम, नाही तर रामराम. आणि आमचं यंत्र असं, की एक चित्र पुरं व्हायला दिवस मावळायचा.

कुणीतरी सांगितलं, आहे त्याच प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, ठरल्यापेक्षा जोरात पळवता येतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकाने ते करून घेतलं होतं. करणारा छाती ठोकून म्हणाला होता, "काही होत नाही हो!" आठ दिवसांत यंत्र मेलं.

म्हणून कॉम्प्युटर शिकवणारे जंगम सर शुभांगीच्या निरोपावरून गुरुवारी सकाळी सदाशिव पेठेतून स्कूटरवर आले, तेव्हा मी दारातच विचारलं, "काही होणार नाही ना?"

"होऊ शकतं," सर म्हणाले. "मलाही भीती वाटते, काकू. म्हणून सावकाश करीन."

मनात म्हटलं, झालं! वैद्यालाच घाम फुटलाय.

सरांनी आधी शुभांगीच्या सगळ्या कामाची प्रत स्वतः आणलेल्या डिस्कवर घेतली. मग कॉम्प्युटरचा डबा उघडून ब्रशने धूळ काढली, मोठा पंखा बसवला, टॉर्च घेऊन बोर्डावरचा एकेक भाग फुगलाय का ते पाहिलं. म्हणाले, "बोर्ड साधा आहे. मेंदूला जादा वीज द्यायची नाही, याला झेपणार नाही. वेग फक्त एक पायरी." प्लग काढून त्यांनी बोर्डावरची, वेग ठरवणारी, तांदळाच्या दाण्याएवढी टोपी एका खिळीवरून दुसऱ्या खिळीवर लावली. आणि मग दिवसभर स्टुलावर बसून वहीत उष्णता लिहीत राहिले.

"दूध तापत ठेवलंय का, सारखं बघताय ते?" मी म्हटलं.

"दूध उतू जाताना दिसतं, काकू. हे बिघडलं तर दिसतही नाही. त्याचीच भीती."

संध्याकाळी त्यांनी पुन्हा प्रत घेतली. रोजची प्रत वेगळी, असा त्यांचा नेम.

शुक्रवारी मी हिशेब केला. वेग वाढला होता, पण सोमवार गाठण्याइतका नाही. शुभांगी स्वयंपाकघरात होती. मी सरांना गाठलं.

"अहो सर, अजून वरची पायरी आहे ना?"

"आहे. पण या बोर्डावर मेंदूला पळवलं की आतल्या डिस्कलाही पळावं लागतं. तिला सोसलं नाही तर ती चुकीचं लिहून ठेवते."

"एवढं भिता, तर बांगड्या भरा हातात."

सरांचा चेहरा उतरला. प्लग काढला आणि टोपी पुढे सरकवली.

त्या दिवशी यंत्र असं धावलं, की मी शेजारी सांगून आले. शनिवारी सकाळी शुभांगीने फाइल उघडली, ती उघडेना. दुसरी उघडेना. तिसरीतली इमारत अर्धीच. मी डब्याला हात लावून पाहिला. गार. धूर नाही, वास नाही. आग दिसली असती तर पाणी तरी ओतलं असतं. शुभांगीने सरांना फोन लावला.

सर तासाभरात आले. टोपी पहिल्या पायरीवर परत आणली, विंडोज नव्याने घातलं, पिशवीतून डिस्क काढली. शुक्रवारची प्रतही नासली होती. मग त्यांनी गुरुवारची लावली. ती उघडली. एक दिवस गेला, बाकीचं वाचलं.

मग सर म्हणाले, "शुभांगी, चूक माझी. वरची पायरी मी चढायलाच नको होती."

मी दाराशी उभी होते. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वहीत डोकं घातलं. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. एरवी हे तोंड बंद होत नाही.

शुभांगीने बिल्डरच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडचा खेकसला, "सोमवार म्हणजे सोमवार, बाई!" ती म्हणाली, "सोमवारी अर्धं देईन, मंगळवारी पूर्ण देईन. कुठलं हवं?" मंगळवार ठरला. काम टिकलं, आणि पहिल्या पायरीवर ते यंत्र पुढे चार वर्षं चाललं. दर मे महिन्यात सर न बोलावता यायचे, पंखा साफ करायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "ऊन वाढलं, भीती वाटली."

आज शुभांगीचं स्वतःचं ऑफिस आहे. शुभांगी, हा अंक तू वाचशीलच. ती चूक सरांची नव्हती. त्यांना मी टोचलं होतं, तेही नको त्या शब्दांत. त्यांनी ते स्वतःवर घेतलं, आणि तुझ्या नजरेतून मी उतरेन या भीतीने इतकी वर्षं मी घेऊ दिलं. आता छापूनच येऊ दे.

सर, आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि माझ्यासारखी एखादी घाई करायला आली, काहीही बोलली, तरी आपण भिणं सोडू नका.