पोट न शिवलेली गोधडी

गोधडी सुरू करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. जुन्या साड्या पसरायच्या, काठ वेगळे काढायचे, कुठल्या तुकड्याशेजारी कुठला शोभेल ते बघत दुपार घालवायची, मग सगळं कच्च्या टाक्यांनी टाचून दाराशी उभं राहून लांबून न्याहाळायचं. इथवर मी खूष असते. त्यानंतर धावदोरा घालायचा, एकासारखा एक, फेरीमागून फेरी, दोन-दोन महिने. तिथे माझा जीव विटतो. शाळेत शिकवत होते तेव्हाही जूनमध्ये माझी वही देखणी असायची आणि दिवाळीनंतर तिच्याकडे बघवत नसे. निवृत्त झाल्यावर छंद म्हणून गोधड्या धरल्या, तर तिथेही तेच. कपाटावरच्या पेटीत सात गोधड्या अर्ध्या पडल्या आहेत. आठवी पूर्ण झाली, आणि तिच्याबद्दलच हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव श्रीवर्धनपासून फार लांब नाही. रस्त्याच्या एका अंगाला सुपारीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि दर चार घरांमागे एक ‘राहण्याची व जेवणाची सोय’ असा फलक. आमच्या दारातही आहे. तो माझ्या नवऱ्याचा उद्योग. अंगण ओलांडलं की समोरचं घर थोरल्या जाऊबाईंचं. थोरले दीर लवकर गेले, एकुलता एक मुलगा उरणला ट्रकांच्या धंद्यात स्थिरावला, आणि जाऊबाई त्या घरात एकट्या राहिल्या. एकट्या म्हणजे झोपण्यापुरत्या. बाकी सगळा वेळ त्या आमच्या ओटीवर नाहीतर मी त्यांच्या.

जाऊबाईंना छंद हा शब्द ओळखीचा नव्हता. घरात जुनं कापड आहे आणि घरात झोपणारी माणसं आहेत, म्हणून गोधडी शिवायची, एवढा त्यांचा हिशोब. मी फोनवर परदेशी बायकांच्या गोधड्या बघायचे. त्यांची ती लांबलचक टेबलं, फुटपट्ट्या, कापड कापायचं गोल फिरणारं पातं. मीही तसलं पातं मागवलं. ते पाहून जाऊबाई म्हणाल्या की ह्याने पोळ्या कापत असतील. रंगांची जुळवाजुळव करत मी तासन् तास बसले की त्यांना हसू यायचं. फाटक्याला फाटकं लावायचं त्यात रंग काय बघतेस, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका पाहुण्या बाईने माझी अर्धवट गोधडी पाहिली, फोटो काढले आणि अशी अर्धीच विकत द्याल का म्हणून विचारलं. मी तोऱ्यात ते जाऊबाईंना सांगायला गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, “अर्धी घेऊन ती अर्धीच निजणार हाय काय?”

आमच्याकडे गोधडी दोघींनी शिवायची. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसायचं, आपापल्या दोन बाजू सांभाळायच्या आणि कडेकडून आत येत जायचं. एका फेरीचा अर्धा भाग तिचा, अर्धा माझा. कुणी एकटीने पुढे पळायचं नाही, कारण एक बाजू पुढे गेली की कापड ओढलं जातं आणि दुसरीकडे फुगा येतो. आत येत येत शेवटी मध्ये वीतभर जागा उरते. तिला गोधडीचं पोट म्हणतात. पोट घरातली थोरली शिवते, आणि ते शिवल्याशिवाय गोधडी कुणाच्या अंगावर घालत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा थोरली म्हणजे सासूबाई होत्या, त्यांच्यामागे जाऊबाई. माझ्यावर ती पाळी कधी आली नव्हती आणि यावी असंही वाटत नव्हतं. शेवट करायचं काम आयुष्यभर दुसऱ्या कुणाकडे असावं, ही माझ्यासारखीला मोठी सोय होती.

माझे टाके लांब पडतात. घाई हे त्याचं कारण. जाऊबाईंचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, सगळे सारखे. लांब टाक्यात पायाचा अंगठा अडकतो, झोपेत लहान पोर रडत उठतं, हे त्या मला दर गोधडीला सांगायच्या. मी हो म्हणायचे आणि दोन ओळींनंतर पुन्हा लांब घालायचे. त्या माझी ओळ उसवायच्या आणि दोरा माझ्या मांडीवर ठेवायच्या. तेव्हा मला राग यायचा. दोनदा तर मी सुई टाकून उठूनही गेले आहे.

मग ते वादळ आलं. वाडी आडवी झाली आणि जाऊबाईंच्या घराची कौलं उडाली, त्याबद्दल आता बोलवत नाही. इथे ज्याने ते पाहिलं त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. त्यांची साड्यांची पेटी तीन दिवस पाण्यात होती. साड्या आम्ही कुंपणावर वाळत घातल्या. लग्नातलं हिरवं लुगडं, मुलाच्या बारशाचं जांभळं, दीर गेल्यावर नेसलेल्या दोन फिकट साड्या. बऱ्याचशा हातात घेताच फाटत होत्या. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या की आयुष्यभर सगळ्यांना शिवून दिल्या, आता ह्यांची एक माझ्यासाठी करू. पोट मी शिवीन आणि मग तीच घेऊन निजेन. स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते.

ती गोधडी मी फार मन लावून मांडली. मध्ये हिरवं, भोवती जांभळं, फिकट साड्या कडेला. जाऊबाई या वेळी हसल्या नाहीत. आम्ही शिवायला बसलो आणि पहिल्या पंधरा-वीस फेऱ्या मी त्यांच्या बरोबरीने घातल्या. नंतर माझं नेहमीचं सुरू झालं. आज पाहुणे आहेत, उद्या पाठ दुखते, परवा मला एक नवीन नक्षी सापडली आणि मी दुसरीच गोधडी टाचायला घेतली. जाऊबाई त्यांच्या बाजूने आठ-नऊ फेऱ्या पुढे गेल्या. मग त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली, कारण आणखी पुढे गेल्या असत्या तर कापड फुगलं असतं.

“तुजी बाजू येऊंदे गो,” त्या म्हणाल्या. “मी थांबलेय.”

दीड वर्ष त्या थांबल्या होत्या. मधूनमधून आठवण करून द्यायच्या, पण कधी टोचून बोलल्या नाहीत, आणि मी दरवेळी पुढच्या आठवड्याचा वायदा करायचे. पोट उघडं म्हणून ती अंगावर घेता येत नव्हती. दोन थंड्या त्यांनी एका जुन्या चादरीवर काढल्या. मला हे दिसत होतं. दिसत असूनही मी केलं नाही, आणि याला आळस सोडून दुसरं नाव मला सापडत नाही.

त्या काळात गावातल्या एका बाळासाठी त्या लहानशी गोधडी शिवत होत्या. एक दिवस उठायला गेल्या तर उठवेना. आपल्याच साडीचा पदर त्यांनी गोधडीत शिवून टाकला होता. आम्ही दोघी पोट धरून हसलो. महिन्याभराने पुन्हा तसंच झालं तेव्हा त्या थोड्या हसल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी पदर ओढत माझ्याकडे बघितलं आणि मला कोणी धरून ठेवलंय असं विचारलं. मी कात्रीने टाके कापले. नंतर मोरीत जाऊन मी नळ सोडून रडले.

डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. मुलगा न्यायला आला, पण जाऊबाई गाडीत बसेनात. दार धरून ओरडायला लागल्या. त्यांना आम्ही आमच्याच घरी आणलं. मुलाचं नाव आधी गेलं, मग माझं. माझ्या नवऱ्याला त्या बराच काळ ओळखत होत्या, म्हणजे त्याला त्या आपला नवरा समजत. तो बिचारा हो हो म्हणायचा.

मी पेटीतून ती गोधडी काढली तेव्हा त्यांना घरी आणून सहा महिने उलटले होते. वाऱ्यातल्या मिठाने त्यांची सुई गंजून कापडाला चिकटली होती, ती काढल्यावर हिरव्यावर एक तांबडा ठिपका राहिला. मी ठरवलं की काही झालं तरी माझी बाजू त्यांच्याबरोबर आणायची, मग त्यांच्या हातात सुई द्यायची. हाताला आठवेल. डोक्याला नाही आठवलं तरी हाताला आठवेल, असं मी सगळ्यांना सांगत होते. पोट त्यांनीच शिवायचं होतं. तेवढं झालं तर माझं दीड वर्ष माफ, असा काहीतरी सौदा मी मनातल्या मनात केला होता.

मी सकाळी शिवायचे आणि दुपारी जेवणाचं बघायला उठायचे. परत येऊन बघते तर त्या शेजारी बसून सकाळच्या ओळी उसवत असायच्या. दोरा नखाने उचलायच्या, हळूच ओढायच्या, गुंडाळून मांडीवर ठेवायच्या. पहिल्या दिवशी माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या फक्त माझ्याच ओळी उसवतात. स्वतःच्या ओळींवरून बोट फिरवत यायच्या, माझी बाजू लागली की थांबायच्या.

“कोणी शिवलंय हे? अंगठा अडकंल कुणाचा.”

मी शिवलंय असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहुण्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा उसवायला लागल्या. मला त्या ओळखत नव्हत्या, माझे टाके ओळखत होत्या. मला तेवढ्यानेही आनंद झाला. मी आयुष्यात केले नव्हते एवढे बारीक टाके घालायला लागले. डोळे दुखायचे, पण दहातल्या चार ओळी टिकायच्या, मग पाच, सहा. शाळेत मी मुलांना जसं पुन्हा लिहायला लावायचे तसं त्या मला लावत होत्या. जवळजवळ चार महिने असं चाललं आणि माझी बाजू पोटाजवळ येऊन पोहोचली. ते चार महिने फार चांगले गेले, हे लिहायला लाज वाटते, पण गेले.

मग एका दुपारी मी ताकाचा पेला घेऊन आले तर त्यांच्या मांडीवर दोऱ्याचा मोठा गुंता होता. आधी मला वाटलं माझाच. बघितलं तर समोरच्या बाजूचं जांभळं मोकळं झालं होतं. ती त्यांची बाजू होती. तांदळाच्या दाण्याएवढे टाके, वादळाच्या वर्षी घातलेले, त्या एकेक करून ओढून काढत होत्या. मी हात धरला. त्यांनी सोडवून घेतला आणि शांतपणे पुढचा टाका उचलला.

मी त्यांच्या हातात सुई दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली.

पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी स्वतःच्या सहा फेऱ्या उसवल्या, आणि नंतर तेही थांबलं. हात चादरीवर पडून राहायला लागले. मी उसवलेल्या फेऱ्या पुन्हा घातल्या. जुन्या कापडात सुईची भोकं राहतात, तशी त्यांची भोकं दिसत होती. मी त्यांच्याच भोकांतून सुई घालत गेले. त्यामुळे त्या सहा फेऱ्या पाहिल्या तर त्या जाऊबाईंनी घातल्या असंच कुणीही म्हणेल. नवरा तसं म्हणालाही. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पोट राहिलं होतं. ते थोरलीचं काम, आणि थोरली अजून जिवंत होती, समोर पडलेली होती, श्वास घेत होती. मी शिवायचं म्हणजे त्या संपल्या असं मीच म्हणायचं. नवरा म्हणाला की थंडी वाजतेय तिला, घाल ना तशीच अंगावर, कोण बघतंय. मला ते करवेना. दोन थंड्या मी त्यांना त्याच कारणापायी उघडं ठेवलं होतं, तेव्हा नियम होता, आणि आता तो सोडून द्यायचा म्हणजे त्या उगाचच कुडकुडल्या असं होत होतं. शेवटी एका सकाळी त्यांच्या पलंगाशेजारी बसून मी पोट शिवलं. तासाभराचं काम होतं. माझ्या हातून पूर्ण झालेली ती पहिली गोधडी, आणि इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

ती त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी काहीच केलं नाही. हिरव्या लुगड्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

तीन-चार दिवस मी वाट बघितली. मग मी सुईत लाल दोरा ओवला आणि त्यांचा उजवा हात असतो तिथे, अगदी हाताखाली, एक ओळ घातली. मुद्दाम वाकडी, मुद्दाम लांब, बोटभर एकेक टाका, मी लग्न होऊन आले तेव्हा घालायचे त्याहूनही भिकार. त्या आयुष्यात कधी सहन करू शकल्या नसत्या अशी. त्यांचा हात उचलून मी त्या ओळीवर ठेवला आणि शेजारी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने बोटं हलली. हात जरा पुढे सरकला आणि त्यांचं एक बोट टाक्यात अडकलं. मी म्हटलं, वैनी, बघा कोणी शिवलंय, उसवा की. बोट तसंच अडकून राहिलं. त्यांनी ते ओढलं नाही, काढलंही नाही. शेवटी ते मीच सोडवलं.