जैनोद्दीन मिस्त्री आणि लॉरीची तुळई

बाबामियाँ नालबंदानं उभा जन्म बैलांच्या नि घोड्यांच्या खुरांना नाल ठोकण्यात घालवला. त्याचा मुलगा जैनोद्दीन मोटारींच्या नादी लागला, तेव्हा पोरगं वाया गेलं, असं नळदुर्गातल्या जाणत्यांनी एकमुखानं ठरवून टाकलं. जाणत्यांचं असंच असतं. चुकायचं असलं की सगळे मिळून चुकतात. पुढं हैदराबाद-सोलापूर सडकेवर लॉऱ्या वाढल्या, आणि हेच जाणते आपला माल वाटेत अडकला की टोपी सावरत जैनोद्दीनच्या छपरापुढं उभे राहू लागले. तो गाडीखाली शिरला की त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत. गिऱ्हाइकं त्या पायांशीच बोलत बसायची.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नवं सामान मिळायचं नाही, आणि सोलापुराहून कुणी आणलंच तर निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर अडकून पडायचं. म्हणून मोडलेलं तेच तापवायचं, ठोकून सरळ करायचं आणि पुन्हा बसवायचं. यात जैनोद्दीनचा हात धरणारा आसपासच्या तीन तालुक्यांत कोणी नव्हता.

त्या माघात मुरूमचे आडते शरणबसप्पा यांची शेंगांनी भरलेली लॉरी जळकोटजवळ डावीकडं ओढली गेली आणि सडक सोडून चरात कोसळली. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चाललेली दगडाबाई दोन पावलांच्या अंतरानं वाचली. ड्रायव्हर मल्लिनाथचं खांद्याचं हाड मोडलं. अकरा वर्षं चाक हातात असलेला हा माणूस, बिडीलासुद्धा न शिवणारा. पण डुलकी लागली, असं मालक म्हणाले, जळकोट म्हणालं, सगळी सडक म्हणाली. मल्लिनाथ आधी नाही नाही म्हणाला. मग महिन्याभरानं तोही म्हणू लागला, "लागली आसंल डुलकी. न्हायतर सरळ सडकंवरनं गाडी चरात कशी जाईल?" हाड जुळलं, पण तो पुन्हा चाकापाशी गेला नाही. लोकांच्या रानात मिरच्या तोडू लागला. मोटारीचा आवाज आला की पाठ फिरवून उभा राही.

दोन बैलजोड्या लावून लॉरी जैनोद्दीनच्या छपराखाली आणली होती, ती सामानाची वाट बघत दोन महिने तशीच पडून होती. लॉरीच्या सांगाड्यातल्या दोन लांब दांड्यांना पुढून जखडून धरणारी एक जाड आडवी तुळई असते. ती तसूभर सरकली तर सगळा सांगाडा कलत्या बाजेसारखा तिरपा होतो, आणि मग चाकं आपल्या मर्जीनं चालतात. जैनोद्दीननं ती वाकलेली तुळई खोलली, बोल्टांची भोकं पुसली आणि तिथंच बसून राहिला. भोकं एका बाजूला घासून लांबट झाली होती. त्या घासलेल्या जागी काळं तेल आणि जुनी धूळ थरावर थर बसली होती. चरात पडून हे झालेलं नव्हतं. हे चार महिन्यांचं काम होतं.

अपघाताच्या चार महिने आधी, दसऱ्याच्या सुमाराला, ही तुळई त्यानंच बसवली होती. त्याची रीत ठरलेली असे. कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरून दोन्ही मापं सारखी येतात का ते बघायचं. मग गाडी चाकांवर उतरवायची, वर पोती टाकायची, आणि ती आपल्या वजनानं बसली की शेवटचं आवळायचं. त्या दिवशी मालकाची माणसं घाई करत डोक्यावर बसली होती. त्यानं दोरी धरली नाही. गाडी लाकडी ठोकळ्यांवर लटकत असतानाच बोल्ट आवळून टाकले; पुढं माल चढला तसे ते सैल पडले आणि तुळई सरकत गेली.

हे त्याच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. घटकाभर कानस फिरवली असती तर भोकं साफ झाली असती. त्यानं कानस हातात घेतलीही. आपल्यापैकी कितीजणांनी ती फिरवली असती, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. जैनोद्दीननं कानस खाली ठेवली, आणि शरणबसप्पांना आणि मल्लिनाथला निरोप धाडला.

मालक आले. मल्लिनाथही आला, पण लांबच लिंबाखाली उभा राहिला. जैनोद्दीननं भोकं दाखवली, सगळं सांगितलं आणि म्हणाला, "आप्पा, कसूर माझा हाय. ह्या पोराचा न्हाय."

शरणबसप्पांचा चेहरा लाल झाला. "मिस्त्री, हे बाहेर गेलं तर तुमच्या दारात कोण गाडी आणंल?"

"न्हाई आणली तर न्हाई. पर खरं ते खरंच ऱ्हाणार."

आणि झालंही तसंच. पुढं चार-दोन मालक गाड्या सोलापूरला नेऊ लागले. ड्रायव्हर मात्र मालकांची नजर चुकवून जैनोद्दीनकडंच थांबत. जीव त्यांचा जाणार होता ना.

त्या दिवशी त्यानं सरळ केलेली तुळई दोघांच्या डोळ्यांदेखत बसवली. बोल्ट नुसते अडकवले. दोरीचं एक टोक मल्लिनाथच्या हातात दिलं. एक तिरपं माप घेतलं, मग दुसरं. गव्हाभराचा फरक निघाला. हातोड्याचे हलके टोले घालून तोही काढला. गाडी चाकांवर उतरवली, मागं पोती चढवली, पुन्हा माप घेतलं. मग पान्हा घेऊन तो एकेक बोल्ट सावकाश आवळत गेला. तोवर ऊन कललं.

"चल, पुलापतुर जाऊन ये," हात पुसत तो म्हणाला.

मल्लिनाथ हलला नाही. दोरी अजून त्याच्या मुठीत होती.

"चाचा, म्हंजी त्या दिशी म्या जागाच व्हतो?"

"जागाच व्हतास रं बाबा. तू तिला सडकंवर ठिवाया बघत व्हतास, आन् ती तुलाच वढून घिऊन गेली."

मल्लिनाथ लॉरीच्या पायरीवर बसला आणि गुडघ्यात डोकं घालून लहान मुलासारखा रडला. जैनोद्दीनचेही डोळे भरून आले. पुसायला हात उचलला तर तो तेलानं माखलेला, म्हणून तसाच उभा राहिला.

थोड्या वेळानं मल्लिनाथ उठून चाकामागं बसला. गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे, आणि ते काम क्लीनरचं. क्लीनर आलेलाच नव्हता. शरणबसप्पांनी इकडंतिकडं बघितलं, धोतराचा सोगा खोचला आणि आपल्या ड्रायव्हरसाठी स्वतः वाकून हँडल मारलं.